बाळंतपणाची रजा आणि घराचे कर्ज

"घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून" अशी म्हण आपल्याकडे आहे. ती रूढ झाली त्या काळी ही दोन्ही कामे वडीलधाऱ्यांच्या हाती असत, आणि एक उरकल्यावर दुसरे हाती घेण्याइतकी उसंतही असे. आजच्या तरुण जोडप्यास ती उसंत नाही. लग्न, नोकरी, घर आणि पहिले मूल ही चारही कामे चार-पाच वर्षांच्या आत येऊन पडतात, आणि घराचे कर्ज व बाळंतपण ही दोन तर पुष्कळदा एकाच वर्षात येतात. त्यातून घरातली सून कायम नोकरीत नसेल, अकरा महिन्यांच्या करारावर शिक्षिका असेल, कंत्राटावर परिचारिका असेल, अगर घरीच शिकवण्या घेत असेल वा शिवणकाम करीत असेल, तर कर्ज मागताना तिची मिळकत धरायची की नाही, असा प्रश्न उभा राहतो. आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या कुटुंबांनी हा प्रश्न वारंवार विचारला आहे. म्हणून या महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी चार गोष्टी सांगाव्या असे आम्हांस वाटले.

मागे एका सायंकाळी एक जोडपे आमच्या कचेरीत आले. पती मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीस. पगार ३२,००० रुपये. पत्नी एका खाजगी शाळेत करारावर शिक्षिका. पगार १८,००० रुपये आणि सातवा महिना चाललेला. दांडिया बाजारात दोन खोल्यांत भाड्याने राहत होती. वाघोडिया रस्त्याकडे ३० लाखांचा एक फ्लॅट त्यांनी पसंत केला होता आणि २४ लाखांचे कर्ज काढावयाचे होते. मध्यस्थाने त्यांना एक तोड सुचविली होती. तो म्हणाला, "बाईंची नोकरी कराराची, त्यात आता रजा. बँक नसत्या चौकशा करील. त्यांचे नाव काढून टाका. त्यांच्या जागी वडिलांचे निवृत्तिवेतन दाखवू. अर्ज बापलेकांच्या नावे करू, म्हणजे खरेदीखतही त्याच दोघांच्या नावे सुरळीत होईल."

सगळ्यांना ते पटले होते. सासरेबुवांच्या मनात काही वावगे होते असेही नाही. परंतु सुरुवातीला जी रक्कम पदरची भरावयाची होती, तिच्यातला मोठा भाग त्या मुलीचे माहेरचे सोने आणि शिकवण्यांतून साठविलेले पैसे यांचा होता. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, "काका, माझा पगार धरू नका हवे तर. पण माझे नाव का गाळायचे?"

या एका प्रश्नात सर्व विषय आला आहे. कर्जासाठी कोणाची मिळकत मोजावी ही एक गोष्ट, आणि घर कोणाच्या नावे असावे ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाली की सहा महिन्यांच्या रजेपायी एखाद्या स्त्रीचे नाव जन्मभरासाठी घरावरून उतरते. ती गल्लत होऊ नये म्हणून हा व्यवहार मुळापासून समजून घेऊ.

गहाण म्हणजे काय

गहाण हा शब्द आपल्यास जुनाच आहे. ताबेगहाण आणि नजरगहाण हे शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या कागदांत सापडतात. ताबेगहाणात मालमत्तेचा ताबा सावकाराकडे जाई. नजरगहाणात ताबा मालकाकडे राही व सावकाराची नुसती नजर तिच्यावर असे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी मूळ हक्कपत्रे सावकाराकडे ठेवून केलेले गहाण शहरांतील घरांसाठी बँका बहुधा पसंत करतात. घरात आपणच राहतो, मालकही आपणच असतो, परंतु मूळ खरेदीखत बँकेच्या तिजोरीत राहते. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांच्या आत हे कागद परत दिले पाहिजेत, आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई दिली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये ठरवून दिले आहे.

बडोद्यास सावकाराच्या दारातून सहकाराकडे आणणारी माणसे याच शहरात झाली. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी येथे अन्योन्य सहकारी मंडळी सुरू केली. देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो १९०४ साली. म्हणजे कायद्याच्या १५ वर्षे आधी बडोदेकरांनी एकमेकांस कर्ज देण्याची रीत घालून दिली होती. पुढे श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळी, २० जुलै १९०८ रोजी, बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. गल्लीतल्या मंडळीत कर्ज मागणारा माणूस ओळखीचा असे. आजच्या बँकेस आपण ओळखीचे नसतो; तिला आपली ओळख कागदांनीच पटवावी लागते. ज्याची मिळकत दरमहा एका तारखेस येते, त्याची ओळख एका पगारपत्रकाने पटते. ज्याची मिळकत कमीजास्त होते, त्यास अधिक कागद लागतात. अडचण एवढीच आहे, आणि ती दूर करण्यासारखी आहे.

बँक काय विचारते

रजेवरील अथवा रजेवर जाणाऱ्या स्त्रीच्या मिळकतीविषयी बँकेचे प्रश्न साधारणतः तीन असतात. रजा संपल्यावर मिळकत पुन्हा केव्हा आणि किती सुरू होणार? रजेपूर्वी ती कितपत सातत्याने येत होती? आणि मधल्या काळात हप्ता कोठून भरणार? या तिन्ही प्रश्नांची लेखी उत्तरे तयार असली म्हणजे निम्मे काम झाले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी रजेचा कायदा ठाऊक असावा लागतो. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली. त्यांपैकी ८ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीच्या आधी घेता येते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले पाहिजे, एवढीच सेवेची अट आहे. नोकरी कायम असली पाहिजे, अशी अट नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून २६ आठवड्यांची तरतूद तीत आहेच.

रोजंदारीवरील व कंत्राटी स्त्रियांविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मार्च २००० मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील मजूर स्त्रियांच्या प्रकरणात न्यायालयाने रोजंदारीवरील स्त्रीसही प्रसूतीचा लाभ मिळाला पाहिजे असे ठरविले. ऑगस्ट २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टर महिलेचे प्रकरण आले. तिचा करार रजेच्या अकराव्या दिवशी संपत होता, म्हणून तिला अकराच दिवसांचा लाभ देऊ केला होता. करार संपला तरी पूर्ण मुदतीचा लाभ द्यावा, असा निर्णय न्यायालयाने दिला. आपल्या शिक्षिका व परिचारिका भगिनींना हा निर्णय विशेष उपयोगी आहे.

राज्य विमा योजनेत असलेल्या स्त्रीस रजेचा लाभ मालकाऐवजी विमा महामंडळाकडून मिळतो. २०१७ साली या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. पगारातून विम्याची वर्गणी कापली जात असल्यास आपण तीत आहो असे समजावे.

ज्या भगिनी स्वतःचा व्यवसाय करतात, डबे देतात, कपडे शिवतात वा शिकवण्या घेतात, त्यांना रजेचा पगार देणारे कोणी नाही. पात्र स्त्रियांस प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. ही मदत अवश्य घ्यावी, परंतु तिच्यावर घराचा हप्ता चालणार नाही. म्हणून अशा कुटुंबाने रजेचे महिने बिनमिळकतीचे धरूनच हिशेब करावा.

कागदांची तयारी

करारावर नोकरी करणाऱ्या स्त्रीने पुढील कागद गोळा करावे: (१) आजवरचे सर्व नेमणूकपत्र, केवळ चालू वर्षाचे नव्हे. पाच वर्षे दरवर्षी करार नवा झाला असेल, तर ते पाच कागद एका कायम नेमणुकीच्या जवळपास बोलतात. (२) रजा मंजूर केल्याचे पत्र, ज्यात रजेची सुरुवात, कामावर परत येण्याची तारीख आणि त्या वेळचा पगार हे तिन्ही स्पष्ट लिहिलेले असावे. (३) मागील वर्षाचे बँकेचे खातेउतारे. (४) कर कापला गेला असल्यास त्याचा दाखला, आणि दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे.

या चौथ्या कागदाविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. "कर लागत नाही, मग विवरणपत्र कशाला भरायचे?" असे आमच्या पुष्कळ भगिनी म्हणतात. परंतु अनियमित मिळकतीच्या माणसास विवरणपत्र हेच पगारपत्रक असते. ज्या शिकवणीचे पैसे रोख येऊन पाकिटात राहिले, ते बँकेच्या दृष्टीने आलेच नाहीत. तेच पैसे दरमहा खात्यात भरले, त्यांची नोंद वहीत ठेवली आणि विवरणपत्रात दाखविले, तर दोन वर्षांनी ती मिळकत मोजली जाते. घराचा विचार दोन-तीन वर्षांवर असेल त्यांनी ही सवय आजच लावून घ्यावी.

कर्जे व हप्ते यांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य मिळतो. अर्जाआधी तो मागवून पाहावा. कोणा मित्रास जामीन राहिलेले विसरून गेलेले असते, आणि त्याचा थकलेला हप्ता आपल्या नावापुढे दिसतो.

कोरड्या महिन्याचा हिशेब

आता हप्त्याकडे वळू. उदाहरणापुरता साडेआठ टक्के व्याजाचा दर आणि २० वर्षांची मुदत धरली, तर एका लाखास दरमहा सुमारे ८६८ रुपये हप्ता येतो. त्या जोडप्याच्या २४ लाखांच्या कर्जास तो सुमारे २०,८२८ रुपये होत होता. दोघांचे मिळून ५०,००० रुपये धरले, तर हा हप्ता मिळकतीच्या ४२ टक्क्यांच्या आत बसतो, आणि निम्म्याच्या आत असल्यामुळे तो झेपेल असे कागदावर दिसते. परंतु केवळ पतीचे ३२,००० धरले, तर तोच हप्ता ६५ टक्क्यांवर जातो. हप्ता भरून हातात ११,१७२ रुपये उरतात, आणि त्यांत तीन माणसांचे, त्यांपैकी एक तान्हे, भागवावयाचे असते.

दूध, औषधे, लसी, माहेरचे येणेजाणे, बारसे ही सर्व त्याच महिन्यांत येतात. म्हणून आमचे सांगणे असे की, कर्ज किती मिळते हे बँकेस विचारावे, आणि किती घ्यावे हे आपल्या सर्वांत कोरड्या महिन्यास विचारावे. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. ते अंथरूण सणाच्या दिवशी मोजू नये.

त्या जोडप्याबरोबर बसून आम्ही उलट हिशेब केला. पतीच्या पगाराच्या निम्म्याच्या आत, म्हणजे १६,००० रुपयांच्या आत हप्ता बसवायचा तर कर्ज १८ लाखांचे होते. त्याचा हप्ता सुमारे १५,६२१ रुपये. पत्नीच्या शाळेने रजेचे पत्र रीतसर दिले होते. २६ आठवड्यांचा तिचा पगार सुमारे १,०८,००० रुपये होत होता. तो घरखर्चात न घालता वेगळ्या खात्यात ठेवला, तर त्यात सहा हप्ते, म्हणजे सुमारे ९३,७२६ रुपये, बसतात. रजेच्या महिन्यांची तशी भीती नव्हती, कारण तेव्हा पगार चालूच राहणार होता. रजा संपल्यावर करार नवा न झाला तर काय, ही खरी भीती होती, आणि त्या सहा महिन्यांची बेगमी अशा रीतीने होत होती.

ही बेगमी का हवी, तेही सांगतो. हप्ता ९० दिवसांपेक्षा अधिक काळ थकला की बँक ते खाते बुडीत वर्गात टाकते. त्यानंतर २००२ च्या कायद्याप्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन गहाण घराचा ताबा घेण्याची कारवाई बँकेस दिवाणी दावा न लावता सुरू करता येते. हप्ता चुकेल अशी चिन्हे दिसताच, नोटीस येण्याची वाट न पाहता, बँकेत जाऊन मुदत वाढविण्याविषयी बोलावे. आधी जाणाऱ्या माणसाचे ऐकले जाते.

अर्ज केव्हा करावा

रजेवर जाण्यापूर्वी, रजेत, की रजेनंतर? तिन्ही वेळा अर्ज करता येतो. रजेपूर्वी केल्यास पगारपत्रके ताजी असतात, परंतु येणाऱ्या रजेची गोष्ट लपवू नये. अर्जाखाली आपण माहिती खरी व पूर्ण असल्याची सही करतो, आणि खोटी माहिती दिल्याचे उघडकीस आल्यास मंजूर कर्जही अडचणीत येते. रजेत अर्ज केल्यास मालकाच्या पत्रावर सारी भिस्त राहते. ज्यांच्या कराराचा भरवसा नाही, त्यांनी कामावर रुजू होऊन दोन-तीन पगार खात्यात आल्यावर अर्ज करणे बरे. मनाजोगा फ्लॅट हातचा जाईल ही भीती मोठी वाटते खरी, परंतु शहरात घरे पुष्कळ आहेत.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतल्यास कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते आणि तोवर दिलेल्या रकमेवरचे व्याजच भरावे लागते. रजेच्या काळात हे सोयीचे दिसते, परंतु जुन्या घराचे भाडेही चालूच राहते, हे विसरू नये. अशा घराचा प्रकल्प गुजरात रेरा प्राधिकरणाकडे नोंदलेला आहे ना, हे पाहिल्याशिवाय बानाखतावर, म्हणजे महाराष्ट्रात ज्यास साठेखत म्हणतात त्या करारावर, सही करू नये.

कर्जाव्यतिरिक्तचा खर्चही आधी मोजावा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे, परंतु मुद्रांक व नोंदणी सहसा त्या किमतीत धरली जात नाही. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी एक टक्का आहे. मुद्रांक खरेदीची किंमत आणि जंत्रीची किंमत यांत जी अधिक, तिच्यावर लागतो. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असल्यास नोंदणी फी माफ आहे. तसेच ज्यांचे देशात कोठेही पक्के घर नाही आणि ज्यांचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत आहे, त्यांनी प्रधानमंत्री आवास योजनेच्या सप्टेंबर २०२४ पासूनच्या शहरी योजनेतील व्याज-साहाय्याची चौकशी करावी. घर ३५ लाखांच्या व कर्ज २५ लाखांच्या आत असल्यास त्यात जास्तीत जास्त १,८०,००० रुपये पाच वार्षिक हप्त्यांनी मिळू शकतात.

नाव का गाळू नये

आता मुख्य मुद्दा. बँकेच्या व्यवहारात सहकर्जदार आणि सहमालक ही दोन वेगळी नाती आहेत. जो सहमालक असतो त्यास बँका बहुधा सहकर्जदार करून घेतात, कारण गहाण ठेवण्यास त्याची संमती लागते. परंतु सहकर्जदाराची मिळकत धरलीच पाहिजे असे नाही. पतीच्या एकट्याच्या मिळकतीवर कर्ज बसत असेल, तर पत्नीचे नाव अर्जावर व खरेदीखतावर ठेवून तिची मिळकत शून्य धरता येते. म्हणजे रजेमुळे तिचे नाव गाळावे लागते हे खरे नाही. कर्जाची रक्कम थोडी कमी करावी लागते, एवढेच.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सहकर्जदार झाल्यावर संपूर्ण कर्जाची जबाबदारी तिच्यावरही येते. नाव कर्जावर आहे आणि खरेदीखतावर नाही, अशी स्थिती सर्वांत वाईट, कारण तीत देणे आहे आणि घर नाही. म्हणून सही करण्यापूर्वी दोन्ही कागदांवरची नावे ताडून पाहावी.

स्त्रीधनाविषयी आपले धर्मशास्त्र आणि आपला कायदा दोन्ही स्पष्ट आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने हिंदू स्त्रीची संपत्ती तिच्या पूर्ण मालकीची ठरविली, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे सासरच्या मंडळींकडे ठेवले असले तरी तिचेच राहते असे सांगितले. तेच स्त्रीधन विकून घराची पहिली रक्कम भरली, आणि खरेदीखतावर मात्र तिचे नाव नाही, तर दहा वर्षांनी ते सोने कोठे गेले हे कोणत्याही कागदावरून कळणार नाही. घरात सर्वकाही सुरळीत असते तोवर याची कोणास आठवण होत नाही. पती अकाली गेला, भावाभावांत वाटणीचा प्रश्न आला, किंवा नवराबायकोचे पटेनासे झाले, म्हणजे आठवण होते. त्या वेळी मग आमच्यासारख्यांकडे येऊनही उपयोग थोडा होतो.

बँकेने नाकारल्यास

कर्ज देताना लिंग, जात वा धर्म यांवरून भेदभाव करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बँकांस बजावले, आणि अर्ज नाकारल्यास त्याची मुख्य कारणे लेखी कळवावी हा नियम २००७ साली सर्व कर्जांस लागू केला. म्हणून "बाई रजेवर आहेत, होणार नाही" असे कोणी खिडकीवर तोंडी सांगितले, तर नम्रपणे लेखी कारण मागावे. कारण कागदावर उतरू लागले की पुष्कळदा ते बदलते. तक्रारीचे ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. परदेशांतही ही अडचण आहे. अमेरिकेत प्रसूतीच्या रजेवरील स्त्रियांची घरकर्जे अडविल्याच्या तक्रारींवरून एका मोठ्या बँकेने २०१४ साली ५० लाख डॉलर देऊन सरकारी गृहनिर्माण खात्याशी तडजोड केली. तेव्हा आपल्या लेकीबाळींनी यात संकोच मानण्याचे कारण नाही.

मात्र बँकेने मिळकत जपून धरली, तर तो प्रत्येक वेळी अन्यायच असतो असेही नाही. करार संपणार आहे आणि नवा होईल की नाही हे ठाऊक नाही, अशा वेळी कमी कर्ज देणारा अधिकारी कित्येकदा आपले हितच करीत असतो.

त्या जोडप्याचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. तीस लाखांचा फ्लॅट त्यांनी सोडला. काही दिवसांनी तरसाळीकडे एका जुन्या इमारतीत २४ लाखांचे लहान घर मिळाले. कर्ज १८ लाखांचे झाले, पदरचे ६ लाख घातले, आणि मुद्रांक व नोंदणीस सुमारे १,४१,६०० रुपये वेगळे लागले. सासरेबुवांनी आधी थोडी कुरकुर केली; पण सुनेच्या सोन्याचा हिशेब कागदावर मांडून दाखविला तेव्हा तेच म्हणाले, "मग पहिले नाव तिचेच घाला." रजेनंतर शाळेचा करार नवा झाला नाही. चार महिने ती घरी होती, आणि ते चार हप्ते त्या वेगळ्या खात्यातून गेले. पाचव्या महिन्यात दुसऱ्या शाळेत तिला १६,००० रुपयांची जागा मिळाली.

आमच्या सभासद कुटुंबांस आमची एवढीच विनंती आहे. घरात पाळणा हलणार असेल आणि त्याच वर्षी घर घेण्याचे मनात असेल, तर खुशाल घ्यावे. मात्र हिशेब कोरड्या महिन्याचा करावा, रजेची गोष्ट बँकेस उघड सांगावी, आणि सही करण्यापूर्वी खरेदीखतावरची नावे घरातल्या सर्वांच्या देखत एकदा मोठ्याने वाचावी. आपल्या सुनेचे नाव त्यांत ऐकू आले नाही, तर पेन खाली ठेवून कारण विचारावे.